‘नेटवर नाही’ म्हणण्याआधी: जुनं मराठी पुस्तक शोधून, तपासून, जपून ठेवण्याची पद्धत

‘नेटवर काहीच नाही हो’ हे वाक्य माझ्या कानावर वरचेवर येतं. कुणी प्रबंधासाठी, कुणी गावाचा इतिहास लिहायला, तर कुणी पणजोबांच्या नावावर असलेलं एखादं पुस्तक पाहायला शोध घेतो. मोबाइलवर नाव टाकायचं, पहिल्या पानावर दिसलं नाही की हात झटकायचे. बऱ्याचदा ते पुस्तक तिथेच असतं, फक्त आपण टाकलेल्या नावाने नसतं. उलटही होतं. पुस्तक मिळाल्याच्या आनंदात लोक भलतीच आवृत्ती उतरवून घेतात आणि तिच्यातली वाक्यं मूळ लेखकाच्या नावावर खपवतात.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. उलटसुलट केलेत तर काम दोनदा करावं लागेल. उदाहरण सगळीकडे एकच घेतो, विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’चं. वरसईचे हे भटजी द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. पुस्तक प्रसिद्ध आहे, पण त्याचा शोध घेताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका या एकाच उदाहरणात दाखवता येतात.

हाताशी हवं ते असं: संगणक किंवा लॅपटॉप (मोबाइलवर स्कॅनची पानं तपासणं म्हणजे डोळ्यांचा छळ), देवनागरी टंकलेखनाची सोय, इंटरनेट आर्काइव्हवर (स्कॅन केलेली पुस्तकं मोफत वाचायला देणारं संकेतस्थळ) एक मोफत खातं आणि एक वही. वही खरंच हवी. पहिल्या पुस्तकाला दोन-अडीच तास धरा.

## टप्पा १: शोधचौकटीआधी वही

एका पानावर चार गोष्टी लिहा.

१. मला पुस्तक हवंय की त्यातली एखादी गोष्ट? ‘झाशीच्या वेढ्याचं वर्णन हवंय’ आणि ‘१९०७ ची छापील प्रत हवीय’ हे दोन वेगळे शोध आहेत.

२. पुस्तकाशी संबंध असलेली सगळी माणसं. केवळ लेखक पुरत नाही. संपादक, भाषांतरकार, प्रस्तावना लिहिणारा, माहीत असेल तर छापखाना. आपल्या उदाहरणात गोडसे, पहिले संपादक चिंतामण विनायक वैद्य आणि नंतरचे संपादक दत्तो वामन पोतदार.

३. सालं. लेखनाचं, पहिल्या छपाईचं, पुढच्या आवृत्त्यांचं. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

४. उपशीर्षक. जुन्या पुस्तकांना ‘अथवा’, ‘अर्थात्’ घालून लांबलचक उपशीर्षकं असत, आणि ग्रंथपालाने कधी कधी तेच मुख्य नाव म्हणून नोंदवलेलं असतं. ‘माझा प्रवास’ला ‘१८५७ च्या बंडाची हकीकत’ असं शेपूट आहे. ‘हकीकत’ या शब्दाने शोधलं तर ‘प्रवास’ने न सापडलेली प्रत हाती लागू शकते.

सावध: जुन्या पुस्तकावर शकाचं साल असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांत जानेवारी उजाडला असेल तर ७९ मिळवावे लागतात. शके १७७९ चा ज्येष्ठ १८५७ सालात येतो, त्याच शकाचा फाल्गुन मात्र १८५८ सालात. एका वर्षाच्या या घोळावर मी चांगल्या चांगल्या लेखांची गाडी घसरलेली पाहिली आहे.

## टप्पा २: नावाची सगळी रूपं लिहून काढा

लोक इथेच अडतात, म्हणून इथे जरा थांबतो. एकाच मराठी नावाची नेटवर पाच-सहा रूपं असतात आणि शोधयंत्राला ती पाच-सहा वेगळी माणसं वाटतात.

आजची देवनागरी. ही आपण टाकतोच. पण इथेही दोन खड्डे आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे वाटतात. ‘ॲ’चीही तीच कथा. म्हणून ‘वऱ्हाड’ शोधताना दोन्ही पद्धती वापरून पाहा, किंवा सरळ तो शब्द टाळून शेजारचा शब्द शोधा.

जुनी देवनागरी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या छापील मजकुरात अनुस्वारांची रेलचेल असते: कांहीं, नांव, गांव, आम्हीं, तेथें, मुंबईचें. जिथे कुणी शीर्षक जसंच्या तसं उतरवून घेतलंय तिथे ‘मुंबईचे वर्णन’ शोधून ‘मुंबईचें वर्णन’ मिळेलच असं नाही. नपुंसकलिंगी शब्दाच्या शेवटी टिंब देऊन एकदा, न देता एकदा, असे दोन्ही शोध घ्या. ऱ्हस्व-दीर्घही बदलतात.

बोलभाषेची रोमन. आपण मेसेजमध्ये लिहितो तशी. गोडसे म्हणजे जी-ओ-डी-एस-ई. माझा म्हणजे कधी एम-ए-झेड-ए, कधी एम-ए-जे-एच-ए. वरसईकरांत व नंतर कुणी ए घालतं, कुणी ई.

ग्रंथालयाची रोमन. ही बहुतेकांना ठाऊक नसते आणि परदेशातल्या मोठ्या ग्रंथालयांची दारं हिच्याशिवाय उघडत नाहीत. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत उच्चार बघत नाहीत, लिहिलेलं अक्षर बघतात. त्यामुळे शब्दाच्या शेवटचा आणि मधला न उच्चारला जाणारा ‘अ’ही लिहितात. ‘प्रवास’ तिथे ‘प्रवासा’सारखा दिसतो: पी-आर-ए-व्ही-ए-एस-ए. ‘गोडसे’त ड नंतर ए येतो: जी-ओ-डी-ए-एस-ई. हा एक ए घातला नाही म्हणून किती जणांनी ‘गोडसे भटजी तिथे नाहीत’ असं ठरवून टाकलं असेल!

याच पद्धतीचे आणखी तीन नियम पाठ करून ठेवा. ‘च’साठी नुसता सी, ‘छ’साठी सी-एच, म्हणून ‘चरित्र’ सी-ए-आर-आय-टी-आर-ए असं मिळेल. ‘श’साठी वर खूण असलेला एस, खूण टाकता आली नाही तरी चालतं, पण एच टाकलात की गाडी अडते. ‘ज्ञ’साठी जे-एन, ‘ज्ञानेश्वरी’ डी-एन-वाय मध्ये न शोधता जे-एन-ए-एन-ई-एस-व्ही-ए-आर-आय अशी शोधा.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची रोमन. भारतातल्या ग्रंथालयांत स्कॅन झालेली लाखो पुस्तकं या नावाच्या संग्रहात आहेत आणि आता ती इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतात. मराठीचा सर्वांत मोठा साठा बहुधा हाच, आणि सर्वांत वाईट नोंदीही इथल्याच. ‘आ’साठी दोन ए, ‘ई’साठी दोन आय, ट-ठ-ड साठी मध्येच अवतरणचिन्ह किंवा जोडरेघ. त्यात नोंद करणाऱ्याच्या हातून झालेल्या चुकांची भर. इथे पूर्ण शीर्षक टाकूच नका. शीर्षकातला जो तुकडा कमीत कमी बिघडू शकतो तो घ्या आणि पुढे तारकाचिन्ह द्या. ‘माझा’मध्ये दोन स्वर बिघडू शकतात, ‘प्रवास’मध्ये एकच, म्हणून पी-आर-ए-व्ही आणि तारका.

तपासा: वहीत आता शीर्षकाची किमान चार आणि प्रत्येक माणसाच्या नावाची किमान तीन रूपं आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आधी सूची, मग फाईल

फाईल शोधण्याआधी पुस्तक कोणकोणत्या रूपांत छापलं गेलं ते कळलं पाहिजे. नाहीतर जे पहिलं सापडेल तेच आपल्याला ‘मूळ’ वाटतं.

इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हा पाया. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५० या काळातला आहे. ज्या गावात जुनं मोठं ग्रंथालय आहे तिथे ती पाहायला मिळते. नसेल तिथे ग्रंथपालाला फोन करून एक नोंद वाचून दाखवायला सांगितली तरी काम होतं. (ग्रंथपालांना फोन करायला लोक का लाजतात मला कळत नाही. त्यांना बहुधा बरंच वाटतं.)

त्यानंतर वर्ल्डकॅट. जगभरच्या ग्रंथालयांच्या नोंदी तिथे एकत्र मिळतात. टप्पा दोनमधली ग्रंथालयाची रोमन इथे वापरायची. पुस्तक हाती लागणार नाही, पण आवृत्त्यांची यादी, पृष्ठसंख्या आणि संपादकाचं नाव मिळेल. ते वहीत उतरवा.

मग मराठी विश्वकोशाची ऑनलाइन नोंद. तिचा उपयोग मी मुख्यतः सालं आणि पूर्ण नावं पडताळायला करतो.

आपल्या उदाहरणात एवढ्यानेच महत्त्वाची गोष्ट उघडी पडते. १९०७ मध्ये वैद्यांनी हे पुस्तक छापलं ते स्वतःच्या हाताने फेरफार करून. काही मजकूर गाळला, काही बदलला. गोडश्यांचं मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यावरून पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ मजकूर छापला. म्हणजे ‘गोडसे म्हणतात’ असं लिहून १९०७ च्या प्रतीतलं वाक्य दिलंत, तर ते वाक्य गोडश्यांचं आहे की वैद्यांचं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. इंग्रजीतही अलीकडे याची एकाहून अधिक भाषांतरं झाली आहेत. प्रत्येकाच्या प्रस्तावनेत ते कोणत्या मजकुरावरून केलं हे पाहा.

सावध: सूचीत नोंद आहे म्हणजे नेटवर फाईल आहे असं नाही, आणि फाईल आहे म्हणजे ती सूचीतलीच आवृत्ती आहे असंही नाही.

## टप्पा ४: फाईल कुठे आणि कोणत्या क्रमाने

१. इंटरनेट आर्काइव्ह. शोधचौकटीखालच्या पर्यायांपैकी आपल्या कामाचे दोन: नोंदींमध्ये शोध आणि मजकुरामध्ये शोध. आपोआप निवडलेला असतो तो नोंदींचा. आधी तोच वापरा, वहीतलं एकेक रूप टाकत. निकाल आले की बाजूच्या फिल्टरमध्ये माध्यम ‘टेक्स्ट्स’ निवडा, मग भाषा. भाषेच्या फिल्टरवर फार विसंबू नका. बरीच मराठी पुस्तकं हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेली असतात. लेखकाच्या नावाने मिळालं नाही तर संपादकाच्या नावाने शोधा. वैद्यांचं नाव लेखकाच्या रकान्यात असण्याची शक्यता चांगलीच आहे.

मजकुरातला शोध शेवटी. जुन्या स्कॅनवर यंत्राने अक्षरं ओळखताना देवनागरी न ओळखणारी साधनं वापरली गेली होती, त्यामुळे कित्येक मराठी पुस्तकांचा ‘मजकूर’ म्हणजे रोमन अक्षरांचा चिवडा आहे. तिथे शब्द सापडला नाही याचा अर्थ काहीच होत नाही.

२. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. मंडळाने स्वतः प्रकाशित केलेली बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. चरित्रं, शास्त्रीय विषय, भाषांतरित ग्रंथ शोधत असाल तर हे स्थळ क्रमांक एकवर घ्या.

३. मराठी विकिस्रोत. पुस्तकं थोडी, पण मजकूर टंकलेला, शोधता येणारा. प्रत्येक पानाला रंग असतो: लाल म्हणजे अजून कुणी तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकाने मुद्रितशोधन केलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानेही पडताळलं. हिरव्या पानावरून उतारा घ्यायला हरकत नाही. लालवरून घेऊ नका.

४. हाथीट्रस्ट (मोठ्या ग्रंथालयांतल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांचा साठा) आणि गुगल बुक्स. भारतातून बरीच पुस्तकं इथे पूर्ण वाचता येत नाहीत. तरी निराश होऊ नका: ‘फक्त शोध’ असा शिक्का असलेल्या पुस्तकातही तुमचा शब्द कोणत्या पानांवर आहे हे हाथीट्रस्ट सांगतं. पानक्रमांक घेऊन ग्रंथालयात गेलात की अख्खं पुस्तक चाळावं लागत नाही.

नियतकालिकांचं गणित वेगळं आहे. लेखाचं नाव शोधून उपयोग नसतो; नियतकालिकाचं नाव, वर्ष आणि अंक शोधायचा, मग अनुक्रमणिका डोळ्यांनी पाहायची.

सावध: डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या फाईलींच्या ओळखक्रमांकात ‘२०१५’ असतं. तो पुस्तकाचा सन नव्हे. हे लिहिण्याची वेळ यावी इतक्या वेळा मी ते ‘प्रकाशनवर्ष’ म्हणून छापलेलं पाहिलं आहे.

## टप्पा ५: उघडल्यावर पहिली दहा मिनिटं

फाईल उघडली की लगेच वाचायला लागू नका. हे करा:

१. शीर्षकपृष्ठावर जा. नोंदीत एक पुस्तक आणि आत दुसरंच, असं घडतं. शीर्षक, संपादक, आवृत्तीचा क्रमांक, साल, छापखाना वहीतल्या यादीशी ताडून पाहा.

२. शेवटच्या पानावर जा. छापील शेवटचा पृष्ठक्रमांक सूचीतल्या पृष्ठसंख्येशी जुळतो का?

३. मधली पानं उलटत फक्त पृष्ठक्रमांक बघा. दर वीस पानांनी एक बघितलं तरी चालेल. फरक पडलेला दिसला की त्या विसांत शिरा. स्कॅन करताना दोन पानं एकदम उलटलेली, एकच पान दोनदा आलेलं, कोपरे कापलेले, हे सगळं असतं.

४. घडीचे नकाशे आणि वंशावळी शोधा. बहुतेक स्कॅनमध्ये त्या घडी न उलगडताच काढलेल्या असतात. तुम्हाला नकाशाच हवा असेल तर आत्ताच दुसरी प्रत शोधा.

५. अनुक्रमणिकेतलं शेवटचं प्रकरण खरंच शेवटी आहे का? दोन भाग एकत्र बांधलेल्या पुस्तकांत एकच भाग स्कॅन झालेला असतो.

एकदा एका लेखासाठी मी एका प्रवासवर्णनाची प्रत रात्रभर वाचली. सकाळी लक्षात आलं की मधली सोळा पानं नाहीत आणि मला हवा असलेला मुक्काम नेमका त्यांतच होता. सोळा पानं म्हणजे छपाईचा एक फर्मा, बांधणीतच गळलेला. तेव्हापासून मी आधी आकडे बघतो, मग गोष्ट.

तपासा: फाईल कोणत्या आवृत्तीची आहे हे तुम्ही एका ओळीत सांगू शकता का? ‘वैद्य संपादित, १९०७’ किंवा ‘पोतदार संपादित, १९६६’. ‘जुनी प्रत’ हे उत्तर नव्हे.

## टप्पा ६: मजकूर हातात घेणं

वाचायचंच असेल तर पीडीएफ पुरे. छायाचित्र किंवा नकाशा वापरायचा असेल तर आर्काइव्हच्या उतरवून घेण्याच्या यादीत ‘सगळं दाखवा’ दाबा आणि पानांच्या मूळ प्रतिमांची झिप फाईल घ्या. पीडीएफमधली चित्रं दाबून लहान केलेली असतात. छापल्यावर ती चिखलासारखी दिसतात.

उतारा टंकायचा असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राने ओळखणं, मदत करतो. सगळ्यांत सोपा मार्ग गुगल ड्राइव्हचा. हवी ती दोन-चार पानं वेगळी काढा, फाईल दोन एमबीच्या आत ठेवा, पान सरळ आहे हे पाहा, ड्राइव्हवर चढवा आणि गुगल डॉक्समध्ये उघडा. अख्खं पुस्तक एकदम टाकू नका. अर्ध्यावर मजकूर तुटतो आणि कुठे तुटला ते कळत नाही. घरच्या संगणकावर टेसरॅक्ट ही मोफत ओसीआर प्रणाली बसवता येत असेल तर त्यात मराठीचा भाषासंच निवडा, हिंदीचा नको.

मग मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. जुन्या मुंबई वळणाच्या टाइपात यंत्र ठरावीक ठिकाणी फसतं: घ आणि ध, भ आणि म, ‘ख’ आणि ‘रव’, जुन्या वळणाचे अ, ल आणि श. अनुस्वार तर सरसकट गळतात, किंवा पानावरच्या डागाचे अनुस्वार होतात. ‘भाऊ’चा ‘माऊ’ झालेला उतारा एका स्मरणिकेत छापून आला होता. नाव सांगत नाही, संपादक माझे स्नेही आहेत.

शब्द अडला तर आजचा शब्दकोश उघडू नका, त्या काळाचा उघडा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश मोफत शोधता येतात. गोडश्यांसारख्या लेखकासाठी मोल्सवर्थ फार उपयोगी, कारण तो त्यांच्याच काळातली मराठी टिपतो. एक खुबी: मोल्सवर्थमध्ये क्रियापदं ‘करणें’ अशी, टिंबासह आहेत. ‘करणे’ टाकून ‘सापडत नाही’ म्हणू नका.

सावध: उताऱ्यातलं शुद्धलेखन ‘सुधारू’ नका. ‘कांहीं’ तसंच ठेवा. बदलायचंच असेल तर सगळीकडे बदला आणि तसं लिहून टाका.

## टप्पा ७: वापरायची मुभा आहे का?

नेटवर आहे म्हणजे फुकट वापरता येतं, हा समज सर्वांत महागात पडतो. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. मोजायला सोपं: मृत्यूचं साल अधिक ६०, त्या सालाच्या ३१ डिसेंबरला हक्क संपतो. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले; त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत हक्कात आहे. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. तिथे २०६० संपेपर्यंत थांबायचं.

संपादकाची प्रस्तावना आणि टिपा, भाषांतरकाराचं भाषांतर यांना त्यांचा त्यांचा वेगळा हक्क. वैद्य १९३८ मध्ये गेले, त्यांची १९०७ ची प्रत केव्हाच मोकळी झाली. पोतदार १९७९ मध्ये गेले, म्हणून त्यांची प्रस्तावना आणि टिपा २०३९ संपेपर्यंत हक्कात आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं मृत्यूपासून न मोजता प्रकाशनापासून मोजतात, हेही ध्यानात ठेवा. फुकटात मिळालेली प्रत आणि चांगली प्रत यांतली निवड इथे अवघड होते. वाचा पोतदारांची, अख्खं प्रकरण छापायचं असेल तर त्यांच्या टिपांना हात लावू नका. समीक्षेसाठी किंवा अभ्यासासाठी चार ओळी उद्धृत करायला कायद्याची आडकाठी नाही.

गाणी आणि चित्रपट यांचा हिशेब वेगळा. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. पण एका गाण्यात तीन हक्क असतात: ध्वनिमुद्रणाचा, शब्दांचा, चालीचा. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालं; शब्द लिहिणारे ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, चाली देणारे सुधीर फडके २००२ मध्ये. शब्दांचा हक्क २०३७ संपेपर्यंत, चालींचा २०६२ संपेपर्यंत. कुठे एखादी जुनी ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळाली म्हणून ती आपल्या व्हिडिओखाली लावणाऱ्यांनी हे तिन्ही आकडे मांडून पाहावेत.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फाईलखाली परवान्याची चौकट असते. ती चौकट वाचा आणि ‘श्रेय द्या’ म्हटलं असेल तर द्या, चित्राखालीच.

## टप्पा ८: नोंद आणि जतन

हे काम ‘नंतर करू’ म्हणून राहतं. फाईल उघडी असतानाच करा.

१. वहीत किंवा साध्या तक्त्यात लिहा: लेखक, शीर्षक (मुखपृष्ठावर आहे तसं, अनुस्वारांसह), संपादक, आवृत्ती, साल, प्रकाशक, पृष्ठ, स्थळ, ओळखक्रमांक, पाहिल्याची तारीख.

२. पृष्ठक्रमांक छापील द्या. आर्काइव्हच्या पत्त्यात आकड्याआधी ‘एन’ असेल तर तो स्कॅनमधला पानांचा क्रम असतो, पुस्तकावर छापलेला नव्हे. मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना धरून दोन्हींत वीसवीस पानांचा फरक पडतो.

३. साधं वेबपान असेल, म्हणजे लेख, मुलाखत, संस्थेची सूचना, तर त्याचा पत्ता वेबॅक मशीनच्या (वेबपानांच्या प्रती साठवणारी इंटरनेट आर्काइव्हचीच सेवा) ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका. तयार होणाऱ्या पत्त्यात चौदा आकडे येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. वेळ ग्रिनिचची असते. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत जतन केलंत तर तारीख आदल्या दिवसाची दिसेल. संदर्भात मूळ पत्ता आणि जतन केलेला पत्ता दोन्ही द्या.

४. जतन झालेलं पान उघडून पाहा. पान आलं पण मजकूर आला नाही, असं बऱ्याच बातम्यांच्या स्थळांवर होतं. तसं झालं तर पानाची पीडीएफ काढून स्वतःकडे ठेवा.

५. फाईलचं नाव बदला. आकड्यांची ती लांब माळ सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही. ‘गोडसे_माझाप्रवास_वैद्य_१९०७’ असं नाव ठेवा.

वेबॅक मशीनमध्ये मागे जाताना २००५ च्या आसपासची मराठी पानं उघडली तर बरीचशी निरर्थक रोमन अक्षरांची दिसतील. ती बिघडलेली नाहीत. तेव्हा युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी अक्षरांची संकेतपद्धती) रुळलं नव्हतं आणि प्रत्येक स्थळ आपापला फाँट वापरत असे. पानाच्या मूळ कोडमध्ये फाँटचं नाव शोधा (श्रीलिपी, शिवाजी, डीव्ही-सुरेख वगैरे) आणि त्या फाँटसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागतील, तेवढा वेळ ठेवा.

## इतकं करूनही सापडलं नाही तर

टप्पा दोनकडे परत जा. माझा अनुभव असा की दुसऱ्या फेरीत एखादं नवं रूप सुचतंच: आडनावाऐवजी गावाचं नाव, ‘भट’ऐवजी ‘भट्ट’, लेखकाऐवजी छापखाना. दुसरी फेरीही कोरी गेली तर पुस्तक स्कॅन झालेलं नाही असं धरा आणि प्रत कुठे आहे ते शोधा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ, गोव्याचं असेल तर पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय, अशा ठिकाणी आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. पत्रात वहीतलं पहिलं पान जसंच्या तसं उतरवा: शीर्षक, उपशीर्षक, सगळी नावं, सालं आणि सूचीतली नोंद. ‘जुनं एक प्रवासवर्णन आहे का’ एवढंच विचारलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येईल.